तुमचा मुलगा बरोबर आहे, पण ६५ हजारांची गरज नाही

वाचक ताईंचं पत्र:

"नमस्कार. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठवी-नववीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्याने पैसे साठवले आणि दिवाळीत प्लेस्टेशन ५ घेतलं. घरातला टीव्ही दहा वर्षांपूर्वीचा, ३२ इंची. आता तो म्हणतो की या टीव्हीवर खेळण्यात अर्थ नाही, बटण दाबलं की खेळाडू उशिरा हलतो. त्याला १२० हर्ट्झचा ५५ इंची टीव्ही हवा आहे, किंमत ६५ हजार. आमची तयारी ३५ हजारांची, फार तर ४०. दुकानात गेलो तर तिथल्या माणसाने ३८ हजारांचा ५० इंची क्यूएलईडी दाखवला. 'यात १२० हर्ट्झ आहे, एचडीएमआय २.१ पण आहे, तुमचं काम झालं' म्हणाला. मुलगा तिथल्या तिथे म्हणाला, आई, हे खरं १२० नाही. कोणाचं ऐकू? टीव्ही हॉलमध्येच राहणार. सोफ्यापासून भिंत साडेसात फूट. सासूबाई संध्याकाळी मालिका बघतात, त्यांची बैठक बाजूच्या दिवाणावर. मुलगा मित्रांबरोबर फुटबॉल आणि क्रिकेट खेळतो, एकटा असला की गाड्यांची शर्यत नाहीतर गोष्टीवाले मोठे गेम. आम्हाला एकदाच घ्यायचा आहे."

ताई, नमस्कार.

दुकानात मुलाने जे ओळखलं ते बहुतेक बरोबर आहे. ३८ हजारांच्या ५० इंची टीव्हीवरचं '१२० हर्ट्झ' आणि ६५ हजारांच्या टीव्हीवरचं '१२० हर्ट्झ' या सहसा दोन वेगळ्या गोष्टी असतात. पण तुम्ही लिहिलेत ते खेळ तो खेळत असेल, तर त्याला १२० हर्ट्झची फारशी गरज पडणार नाही. बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलतो ही त्याची मूळ तक्रार आहे आणि ती तुमच्या ३५ हजारांत मिटू शकते.

आधी ही तक्रार समजून घेऊ, कारण टीव्हीची सगळी निवड तिच्यावरच ठरते. टीव्हीला चित्र मिळालं की तो ते तसंच्या तसं पडद्यावर टाकत नाही. आधी त्यातले दाणे काढतो, कडा धारदार करतो, रंग खुलवतो, आणि हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मधोमध स्वतः तयार केलेलं तिसरं चित्र घुसवतो. या सगळ्याला वेळ लागतो. मालिका बघताना तो कळत नाही, कारण टीव्ही आवाजही तेवढाच मागे ठेवतो. गेममध्ये मात्र अंगठा आपला असतो आणि उशीर लगेच हाताला लागतो. याला इनपुट लॅग म्हणतात. गेम मोड बंद असताना बऱ्याच टीव्हींवर तो ८० ते १०० मिलिसेकंद, कधी त्याहूनही जास्त असतो. चांगल्या टीव्हीवर गेम मोड चालू केला की तोच १० ते २० मिलिसेकंदांवर येतो.

१०० मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, ऐकायला काहीच नाही. पण ताशी १४० किलोमीटरने टाकलेला चेंडू तेवढ्यात जवळपास चार मीटर पुढे येतो. खेळपट्टी सगळी मिळून २० मीटर. म्हणजे पडद्यावर चेंडू जिथे दिसतोय, तिथून तो प्रत्यक्षात चार मीटर पुढे आलेला असतो आणि मुलगा तेव्हा बॅट फिरवायला घेतो. टायमिंग चुकणारच. त्याची कुरकुर ही नव्या वस्तूचा हट्ट आहे असं घरात कोणाला वाटत असेल, तर तसं नाही. हा त्रास खरा आहे.

म्हणून नवीन टीव्हीचा विचार बाजूला ठेवून आज संध्याकाळीच एक गोष्ट करून बघा. जुन्या टीव्हीच्या रिमोटवर मेनू उघडा, पिक्चर मोडमध्ये जा आणि 'गेम' असेल तर तो लावा. काही टीव्हींमध्ये तो पिक्चर मोडमध्ये सापडत नाही, जनरल किंवा सिस्टिमच्या मेनूत वेगळा दडलेला असतो. सॅमसंगच्या जुन्या संचांमध्ये आणखी एक सोय होती: सोर्सच्या यादीत प्लेस्टेशन ज्या एचडीएमआयला (केबल लावायच्या खाचेला) जोडलंय तिचं नाव बदलून 'पीसी' ठेवलं की टीव्ही त्या जोडणीवरची बरीचशी कलाकुसर बंद करतो. एक पैसा लागत नाही. यात निम्मा त्रास कमी झाला तरी तुम्हाला नवीन टीव्ही घाईत घ्यावा लागणार नाही, आणि टीव्हीच्या खरेदीत घाई नसणं हीच मोठी बचत असते.

आता १२० हर्ट्झ.

हर्ट्झ म्हणजे पडदा एका सेकंदात किती वेळा चित्र बदलू शकतो तो आकडा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र १६.७ मिलिसेकंद राहतं, १२० च्या पडद्यावर ८.३. फरक आहे, मी नाकारत नाही. ज्याने १२० वर खेळून पाहिलंय त्याला ६० वर परत येताना जाणवतं. पण पडदा १२० चा असून भागत नाही, गेमनेही सेकंदाला तेवढी चित्रं दिली पाहिजेत. फोर्टनाइट, रॉकेट लीग असे काही गेम ती देतात. त्यात समोरासमोर, ऑनलाइन, क्षणाक्षणाची चढाओढ असते आणि तिथे याचा उपयोगही होतो. फुटबॉल आणि क्रिकेटमध्ये त्याला फरक पडणार तो लॅग किती कमी आहे याचा. गोष्टीवाले मोठे गेम तर बहुतेक दोन पर्याय देतात: चित्र अधिक देखणं पण सेकंदाला ३०, किंवा थोडं साधं पण ६०. जीटीए ५ ची प्लेस्टेशन ५ वरची आवृत्ती याचं चांगलं उदाहरण आहे, तिच्यातला सगळ्यात वेगवान पर्यायही ६० चाच. मुलाचे बहुतेक तास या खेळांत जाणार असतील, तर १२० च्या पडद्याचे पैसे भरून तो पडदा बहुतेक वेळ ६० वरच चालेल. मोटारींच्या शर्यतीत अपवाद निघतील, काही शर्यतींना आता १२० चा पर्याय आला आहे. पण तेवढ्यासाठी २५ ते ३० हजार जास्त घाला असं मी तुम्हाला सांगणार नाही.

एक प्रश्न मात्र मुलाला नक्की विचारा, आणि त्याला खरं उत्तर देऊ द्या: येत्या वर्षभरात तू मित्रांबरोबर ऑनलाइन नेमबाजीचे गेम खेळणार आहेस का, आणि त्यात जिंकण्याची तुला मनापासून आस आहे का? उत्तर 'हो' असेल तर हिशोब बदलतो. त्याकडे शेवटी येतो.

दुकानातल्या त्या क्यूएलईडीचं काय? या किमतीत '१२० हर्ट्झ' तीन प्रकारे लिहिलं जातं. पहिला प्रकार एमईएमसीचा. पडदा ६० चाच असतो, टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून घुसवतो आणि जाहिरातीत त्याला १२० म्हणतात. क्रिकेटची मॅच बघताना काहींना ते आवडतं. गेममध्ये त्याने लॅग वाढतो, म्हणजे ज्या त्रासासाठी तुम्ही टीव्ही बदलताय तोच पुन्हा विकत घेतला जाईल. दुसरा प्रकार डीएलजी, म्हणजे ड्युअल लाइन गेट. यात पडदा दोन-दोन ओळी एकदम रंगवतो, त्यामुळे वेग दुप्पट होतो, पण उभ्या दिशेतले बारकावे निम्मे होतात. हा टीव्ही फोर-के, म्हणजे ३८४० बाय २१६० ठिपक्यांचं बारीक चित्र, दाखवेल तेव्हा वेग ६० चाच, आणि १२० वर जाईल तेव्हा चित्र ढोबळ. याला मी सरसकट फसवणूक म्हणणार नाही, काही खेळांत त्याचा थोडा उपयोग होतो. पण खऱ्या १२० च्या नावाखाली कोणी तो विकू लागलं तर ते चुकीचं आहे. तिसरा प्रकार खऱ्या १२० चा, फोर-के चित्र सेकंदाला १२० वेळा. तो बहुतेक ५५ इंचांपासून पुढे आणि तुमच्या बजेटच्या वरच मिळतो.

'एचडीएमआय २.१' या शब्दावरही विसंबू नका. जुनी २.० ची जोडणी सेकंदाला १८ गिगाबिट माहिती नेते, त्यात फोर-के ६० व्यवस्थित मावतं. २.१ मध्ये ही मर्यादा ४८ पर्यंत गेली आणि सोबत नव्या सोयी आल्या. पण त्या सगळ्या सोयी देणं कंपनीवर बंधनकारक नाही. एखादी छोटी सोय देऊनही खोक्यावर २.१ छापता येतं. म्हणून दुकानात 'एचडीएमआय कोणता' असं विचारू नका. 'फोर-के १२० घेतो का' आणि 'व्हीआरआर आहे का' असं विचारा. दोन्हींना 'नाही' असं उत्तर आलं तरी चालेल, तुम्हाला निदान किंमत कशाची देतोय ते कळेल. व्हीआरआर म्हणजे गेमचा वेग वरखाली झाला की पडद्याने त्याच्याशी जुळवून घेणं. प्लेस्टेशन ५ ला ही सोय एप्रिल २०२२ च्या अपडेटपासून मिळाली. ती ४८ ते १२० हर्ट्झच्या दरम्यान चालते, त्यामुळे ६० च्या पडद्यावर तिला फारशी जागाच उरत नाही.

यावरचा सगळ्यात पक्का उपाय तुमच्या घरातच आहे. मुलाला प्लेस्टेशन बॅगेत घालून दुकानात घेऊन जाऊ द्या. गर्दीच्या रविवारी नको, आठवड्यातल्या दुपारी जा, आणि आधी फोन करून विचारा. मोठी खरेदी करणाऱ्या गिऱ्हाइकाला बहुतेक दुकानदार नाही म्हणत नाहीत. टीव्हीला जोडल्यावर त्याने सेटिंग्ज, मग स्क्रीन अँड व्हिडिओ, मग व्हिडिओ आउटपुट, आणि तिथे व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन उघडावं. समोरचा टीव्ही कोणत्या रिझोल्यूशनला, म्हणजे किती ठिपक्यांच्या चित्राला, किती हर्ट्झ घेतो याची यादीच तिथे येते. ३८४० बाय २१६० च्या पुढे फक्त ६० असेल आणि १९२० बाय १०८० च्या पुढे ६० व १२० असेल, तर तो खरा फोर-के १२० नाही. तिथे वाद घालायची गरज उरत नाही, यादी सगळ्यांना दिसते. मग गेम मोड लावून त्याने पाच मिनिटं क्रिकेट खेळावं. त्याच्या अंगठ्याला जे कळेल ते कुठल्याही माहितीपत्रकातून कळणार नाही. दुसरा टीव्ही लावून पुन्हा तेच करावं. माझ्या मते टीव्ही निवडण्याचा यापेक्षा चांगला मार्ग नाही, आणि ज्याने स्वतःच्या कमाईतून कन्सोल घेतला त्याला हे काम सोपवणं योग्यही आहे.

आता साडेसात फुटांचा विचार. साडेसात फूट म्हणजे सुमारे २.३ मीटर. इतक्या अंतरावर ४३ इंची टीव्ही चालतो, पण फोर-केचे बारकावे दिसायला तो थोडा लहान पडतो. दोन मित्र शेजारी बसून पडदा वाटून खेळणार असतील तर लहानपण जास्तच जाणवेल. ५० इंची तुमच्या खोलीला नेमका बसतो. ५५ सुद्धा बसेल, पण ३५ हजारांत ५५ गाठायचा म्हणजे आतल्या दर्जावर पाणी सोडावं लागतं. माझी पसंती ५० ला आहे.

मापाची अडचण वेगळीच निघू शकते, म्हणून टेप घ्या. ३२ इंची टीव्ही साधारण ७१ सेंटिमीटर रुंद असतो, ५० इंची १११ सेंटिमीटर. तुमचा जुना टीव्ही शोकेसच्या कप्प्यात असेल तर नवा त्यात जाणार नाही, भिंतीवरच लावावा लागेल. टेबलावर ठेवणार असाल तर टीव्हीची एकूण रुंदी बघून भागत नाही, दोन पायांमधलं अंतर बघावं लागतं. बऱ्याच टीव्हींचे पाय अगदी कडेला असतात आणि टेबल चार बोटं कमी पडतं. भिंतीवर लावताना बसवायला आलेला माणूस सवयीने उंच लावतो. सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांची रेषा पडद्याच्या मध्याजवळ आली पाहिजे. दोन-दोन तास मान वर करून खेळलं की मान धरते. तो भोक पाडायच्या आधीच पेन्सिलीने खूण करून ठेवा.

सासूबाईंचा दिवाण हा तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला तपशील. एलसीडी पडदे मुख्यतः दोन जातींचे असतात. व्हीए पडद्यावर काळा रंग खरंच काळा दिसतो. त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळ्या भागातला फरक, ३००० ला १ च्या घरात किंवा वर असतो, पण बाजूने बघितलं की रंग उडालेले दिसतात. आयपीएस पडदा बाजूनेही नीट दिसतो, पण त्याचा कॉन्ट्रास्ट १००० ला १ च्या आसपास. रात्री दिवा बंद करून अंधाऱ्या गुहेतला प्रसंग खेळताना काळ्याच्या जागी राखाडी धुकं दिसतं. समोर बसून खेळणाऱ्याला व्हीए बरा, दिवाणावरून मालिका बघणाऱ्या आजींना आयपीएस. खोक्यावर हे सहसा छापलेलं नसतं, आणि एकाच मॉडेलच्या ४३ आणि ५० इंचांतही जात वेगळी असू शकते. म्हणून दुकानात तुम्ही स्वतः टीव्हीच्या तेवढ्याच बाजूला जाऊन उभ्या राहा, जेवढ्या बाजूला घरी दिवाण आहे. चेहरे पांढुरके दिसले तर तो टीव्ही सासूबाईंना रोज तसाच दिसणार. दिवाण दोन फूट पुढे किंवा सोफ्याच्या रांगेत सरकवता येत असेल तर सरकवा आणि व्हीए घ्या. सरकवता येत नसेल आणि त्या अगदी कडेने बघत असतील, तर आयपीएस घ्या आणि मुलाला खेळताना टीव्हीच्या मागे एक छोटा दिवा लावून ठेवायला सांगा. मागे मंद उजेड असला की काळ्याचं राखाडीपण बरंच कमी जाणवतं. टीव्ही सगळ्या घराचा आहे. दहा वर्षांत मुलगा नोकरीला बाहेर जाईल, मालिका मात्र चालूच राहतील.

खोक्यावरच्या बाकी शब्दांचं थोडक्यात सांगतो. क्यूएलईडी म्हणजे रंग जास्त खुलवणारा एक थर, चांगली गोष्ट, पण गेमच्या वेगाशी त्याचा संबंध नाही. डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचा, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणाऱ्या चित्राचा, एक प्रकार. त्यासाठी जादा पैसे मोजू नका, प्लेस्टेशन ५ गेमसाठी ते वापरतच नाही, त्याचं एचडीआर १० वेगळं असतं. एक्सबॉक्स असता तर गोष्ट वेगळी होती. एचडीआर या किमतीच्या सगळ्याच टीव्हींवर छापलेलं असतं. त्यासाठी लागणारा प्रखर उजेड मात्र बहुतेकांकडे नसतो, त्यामुळे एचडीआर लावलं की चित्र उलट अंधारं वाटतं. घरी आणल्यावर मुलाने एकदा एचडीआर चालू आणि एकदा बंद करून एकच प्रसंग बघावा, आणि जे बरं दिसेल ते ठेवावं. त्यात कमीपणा काही नाही. हॉलमध्ये दुपारी ऊन येत असेल तर जाड पडदा लावा. स्वस्त टीव्हीच्या उजेडाची उणीव भरून काढणारी त्याहून स्वस्त वस्तू मला माहीत नाही.

या यादीत मी आग्रह धरेन तो फक्त एएलएलएमचा. कन्सोल सुरू झाला की टीव्ही आपोआप गेम मोडमध्ये जातो आणि बंद झाला की परत येतो. रिमोटची झटापट होत नाही, आणि घरात मेनू उघडता येणारं एकच माणूस असलं तरी अडत नाही.

पैशांकडे येऊ. नावाजलेल्या कंपनीचा, खऱ्या ६० हर्ट्झचा, ५० इंची फोर-के टीव्ही साधारण ३० ते ४० हजारांत मिळतो. मुलाने जुन्या किमतींचे फोटो फोनमध्ये जपून ठेवले असतील तर ते विसरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. आधी ४० हजारांना मिळणाऱ्या टीव्हीत यामुळे तीन हजारांच्या आसपास फरक पडायला हवा. बिल मागताना कराचा दर वाचा. मागच्या वर्षीचं मॉडेल घ्यायला बिचकू नका. ६० हर्ट्झच्या टीव्हीत वर्षावर्षाला फार काही बदलत नाही, नवीन माल आला की जुन्यावर चांगली सूट मिळते. मात्र वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होते हे दुकानदाराकडून लिहून घ्या. पडद्याची वॉरंटी किती वर्षांची आहे हे वेगळं विचारा, कारण पडदा गेला तर दुरुस्ती जवळपास नव्या टीव्हीच्या भावात पडते. तुमच्या भागात सर्व्हिस सेंटर कुठे आहे, हेही. दोन हजारांनी स्वस्त पण दुरुस्तीला मुंबईहून माणूस येणार, असा टीव्ही मी घेणार नाही. ईएमआय 'नो कॉस्ट' असला तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा कर लागू शकतो, तो धरूनच तुलना करा.

टीव्ही घरी आला की पहिल्या संध्याकाळी मुलाने हे करावं. बऱ्याच टीव्हींवर कन्सोलच्या एचडीएमआयला पूर्ण ताकद मुद्दाम चालू करावी लागते. सॅमसंगमध्ये त्याला 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीत 'एचडीएमआय डीप कलर', सोनीत 'एनहान्स्ड फॉरमॅट' म्हणतात. ते बंद राहिलं तर फोर-के टीव्हीवर एचडीआर किंवा पूर्ण रंग मिळत नाहीत, आणि लोक टीव्हीला दोष देतात. केबल प्लेस्टेशनच्या खोक्यातलीच वापरा, दुकानदार हजार रुपयांची 'गेमिंग केबल' सुचवेल ती नको. केबल जोडताना किंवा काढताना दोन्हीकडचे स्विच बंद करा. प्लेस्टेशनच्या सेटिंग्जमध्ये गेम प्रीसेट्स आहे, तिथे 'परफॉर्मन्स मोड' निवडला की जे गेम पर्याय देतात ते आपोआप ६० वर सुरू होतात. टीव्हीत मोशन, नॉइज रिडक्शन आणि वीज वाचवणारा आपोआप अंधार बंद करावा, शार्पनेस खाली आणावा. कडा कापल्या जात असतील तर पिक्चर साइजमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' शोधावं, नाहीतर कोपऱ्यातला धावफलक अर्धा गायब होतो. गेम मोडचे रंग सुरुवातीला निळसर, फिके वाटतात. कलर टेंपरेचर 'वॉर्म' कडे नेलं की दोन दिवसांत डोळा बसतो. ही सेटिंग्ज बहुतेक टीव्हींत त्या एका एचडीएमआयपुरतीच राहतात, सासूबाईंच्या सेट-टॉप बॉक्सचं चित्र बदलत नाही. तरी एकदा मालिका लावून खात्री करून घ्या, म्हणजे घरात शांतता राहील.

रात्रीच्या आवाजाचाही प्रश्न येईलच. प्लेस्टेशन ५ ला साधे ब्लूटूथ इअरफोन जोडता येत नाहीत, त्यामुळे त्यासाठी नवीन महागडा हेडफोन मागितला जाईल. त्याची गरज नाही. कंट्रोलरच्या खाली वायरच्या इअरफोनची पिन बसते, घरातला जुना इअरफोन तिथे लावला की सगळा आवाज कानात येतो.

आणि मघाच्या प्रश्नाला मुलाने 'हो' म्हटलं असेल तर? मग मी ३८ हजारांचा अर्धवट १२० घेऊ नका असंच सांगेन. दोन मार्ग आहेत. एक, जुना टीव्ही गेम मोडवर आणखी काही महिने चालवा, त्याने शिकवण्यांतून काही भर घालावी, तुम्ही तुमचे ४० द्या, आणि खऱ्या १२० किंवा १४४ हर्ट्झचा ५५ इंची सणाच्या सवलतीत घ्या. ६५ हजारांना एकच मॉडेल धरून बसू नका. टीसीएल, हायसेन्स यांसारख्या कंपन्या हेच खूपदा सोनी-सॅमसंगपेक्षा बऱ्याच कमी किमतीत देतात. दुसरा मार्ग, हॉलसाठी साधा ४३ इंची टीव्ही आणि त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर २७ इंची, १४४ हर्ट्झचा १४४० पी (फोर-केपेक्षा कमी ठिपक्यांचा) मॉनिटर. प्लेस्टेशन ५ सप्टेंबर २०२२ पासून १४४० पी देतं. नेमबाजीला मॉनिटर टीव्हीपेक्षा सरसच ठरतो, कॉलेजच्या कामालाही येतो, आणि संध्याकाळी साडेसातला रिमोटवरून भांडण होत नाही. तोटा एवढाच की मित्रांबरोबर सोफ्यावर बसून खेळायची मजा टेबलावर येत नाही, आणि तुमच्या पत्रावरून तर त्याला तीच जास्त प्रिय दिसते. म्हणून माझा कल अजूनही ५० इंची, ६० हर्ट्झच्याच बाजूने आहे.

टीव्ही घरपोच येईल तेव्हा खोकं डिलिव्हरीवाल्यासमोर उघडा आणि उघडताना फोनवर सलग व्हिडिओ घ्या. चालू केल्यावर पूर्ण पडदाभर आधी पांढरा, मग करडा, मग काळा रंग लावून बघा: मेलेले ठिपके, उभे पट्टे, कोपऱ्यातून गळणारा उजेड तेव्हाच दिसतो. बदलून घ्यायची मुदत सहसा आठवडा-दहा दिवसांचीच असते आणि बऱ्याचदा खोकं, थर्माकोल, सगळं परत द्यावं लागतं. तेव्हा ते खोकं पलंगाखाली किंवा माळ्यावर जाऊ द्या, भंगारवाल्याला लगेच देऊ नका.